उजेड गळतो ती जागा

यंदा चैत्रातच नळाला आठव्या दिवशी पाणी येऊ लागलं आणि आमच्या कॉलनीत जुनी बोलणी पुन्हा सुरू झाली. आज कुणाकडं आलं, किती वेळ होतं, धार कशी होती. सकाळी क्रांती चौकातून कॉलेजला जाताना रस्त्याच्या कडेला टँकर उभे दिसतात. त्यांच्या बुडाखाली डांबरावर एक ओला डाग पडतो, सिग्नल सुटेपर्यंत आकसतो, आणि मी वळून पाहीपर्यंत नसतो. वर्गात भौतिकशास्त्र शिकवते मी. बाष्पीभवनाला याहून सोपं उदाहरण कुठलं द्यायचं? पण देत नाही. मुलांच्याही घरी टँकरच येतो.

असे दिवस आले की मला तो उन्हाळा आठवतो. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो. लोकांना तो आठवतो हंड्यांच्या रांगांनी, जायकवाडीच्या भेगाळलेल्या तळानं. मला आठवतो वासानं. नुकताच रंग दिलेल्या दाराजवळून जाताना येतो ना, तसा गोडसर, नाकात चढणारा वास. घरात रंगकाम निघालं की आजही मी कारण काढून बाहेर जाते.

तेव्हा मी तिशीच्या आत होते. छावणीत आईसोबत भाड्याच्या घरात राहायचे आणि रोज सायकलवरून विद्यापीठातल्या आमच्या विभागात जायचे. मुळे सरांच्या हाताखाली पीएच.डी. चालू होती. विषय काचेच्या धाग्याचा. ज्या धाग्यातून आपलं टेलिफोनचं बोलणं जातं, तोच; केसाएवढा बारीक, उन्हात धरला तर दिसतो, सावलीत हरवतो. आम्ही त्यावर एक लेप चढवत होतो. रबरासारखा, दुधी. पाण्यानं त्याला काही होत नसे. पण थिनर, यंत्राचं ग्रीस धुवायचे द्राव, असली रसायनं नुसती शिवली तरी तो फुगायचा. वरून दोऱ्याचा घट्ट पीळ दिलेला असे, त्यामुळं फुगून बाहेर यायला वाव नसे. मग तो आतल्या काचेलाच वाकवायचा. काच वाकली की तिथं उजेड गळतो. धाग्याच्या एका टोकातून उजेडाचा एक ठोका सोडायचा. जाताजाता त्यातला कणभर उजेड माघारी येत राहतो. तो किती वेळानं आला यावरून कुठून आला ते कळतं. म्हणजे धागा जमिनीत पुरून, एका टोकाशी बसून सांगता येतं, की अमुक पावलांवर काहीतरी शिवलंय. एवढंच माझं काम होतं. आईला मी ते कितीदा तरी समजावलं होतं. ती शेजारी सांगायची, "आमची वृंदा तारेचं काहीतरी करते."

लेप चढवण्याचं खरं काम रज्जाकभाईंचं. ते आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते, शिक्षण फारसं नव्हतं, पण विभागातल्या कुणाच्याही हातात नव्हतं ते त्यांच्या बोटांत होतं. धागा एका छोट्या कपातल्या द्रावातून ओढून तापलेल्या नळीतून न्यायचा आणि पुढं रिळावर गुंडाळायचा. वेग जरा चुकला की लेपाला गाठी. त्या उन्हाळ्यात खिडकीतून फुफाटा यायचा, धुळीचा एक कण बसला तरी तेवढा तुकडा वाया. रज्जाकभाई खिडक्यांना ओली चादर लावायचे. पुढं चादर ओली करायला पाणी उरेना, तेव्हा वर्तमानपत्रं चिकटवली. "हिलो नक्को मॅडम," मी जवळ गेले की ते दबक्या आवाजात म्हणायचे, "श्वास भी जरा दूर घ्या." काचसामान धुवायचं पाणी मोजून मिळायचं. ऊर्ध्वपातनाचं यंत्र विभागानं बंदच ठेवलेलं, कारण लिटरभर शुद्ध पाण्यासाठी ते बादल्या भरून पाणी मोरीत सोडायचं.

मथुराबाई आल्या त्या अशाच एका सकाळी. पन्नाशीच्या आतबाहेर असतील. सुती, काठाची साडी, हातात वायरची पिशवी. शहराच्या कडेला एका गावात त्या अंगणवाडी चालवत. पिशवीतून त्यांनी थंड पेयाची एक मोठी बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"हे हापशाचं पाणी हाय मॅडम. जरा वास घेऊन बगा."

मी टोपण उघडलं. रंगाचं दार.

"पोरं खिचडी खाईनात," त्या म्हणाल्या. "म्हणतेत, बाई, वास येतो. मला वाटलं पातेल्याचा असंल. पातेलं बदललं, तरी येतोच. मागल्या साली नव्हता. औंदा पाणी लई खाली गेलं, तसा सुरू झाला."

त्या चार ठिकाणी फिरून आल्या होत्या. कुणी म्हणालं, बाटलीला सील हवं. कुणी म्हणालं, अर्ज आणा. शेवटी कुठल्याशा कचेरीतल्या शिपायानं आमच्याकडं धाडलं. सरांनी बाटली नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग रसायनशास्त्राच्या एका मित्राकडं पाठवली. आठवड्यानं उत्तर आलं, पिण्याच्या पाण्यात असू नये ते त्यात आहे. मथुराबाईंना बोलावून सांगितलं, तेव्हा त्यांनी नवल केलं नाही. त्या वासानं त्यांना ते आधीच सांगितलं होतं.

"पण येतंय कुठून, सर?" त्यांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी रज्जाकभाईंच्या रिळाकडं पाहिलं. तीन वर्षं मी त्या धाग्याला बादलीतल्या वाळूत पुरून, ड्रॉपरनं थेंब टाकून तपासत होते. आता त्याला खरी जमीन मिळणार होती. खोटं कशाला लिहू, मला फार आनंद झाला.

गाव लहान होतं. शहराचा नवा वळणरस्ता त्याच्या शिवेला येऊन टेकला होता. रस्त्याच्या अलीकडं कारखान्यांची पत्र्याची छपरं, पलीकडं शेतं, आणि शेतांतच मधूनमधून चुन्याच्या रेघा मारलेले रिकामे चौकोन, त्यावर प्लॉटच्या पाट्या. दोन विहिरी होत्या, दोन्हींच्या तळाला ढेकळं. उरला होता तो अंगणवाडीसमोरचा हापसा. सगळं गाव त्याच्यावर. दांडा वीस-पंचवीसदा हलवला की आत कुठंतरी घरघर व्हायची आणि मग करंगळीएवढी धार. टँकर चौथ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या.

अंगणवाडी म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. भिंतीवर अननसाच्या अ-पासून ज्ञ-पर्यंत चित्रं, ज्ञानेश्वरांच्या चित्राचा रंग उडालेला. बावीस पोरं. मथुराबाई त्यांना नावानं नाही, घरावरून हाक मारायच्या: ए वरच्या आळीचे, ए मारुतीपाशीचे. हापशापासून वर नाला जात होता, कोरडा ठाक. त्यातूनच पाणी कधीकाळी गावाकडं यायचं, म्हणून सर म्हणाले, जमिनीखालचंही तसंच येत असणार. ओल लागेपर्यंत चर खणायचा आणि धागा पुरायचा.

चर गावानं खणला. मथुराबाईंनी घरोघर जाऊन सांगितलं, घरटी एक माणूस. मे महिन्याचं ऊन, नाल्यातला मुरूम, पहार मारली की ठिणग्या उडायच्या. सकाळी सहाला सुरू करायचे, नऊला थांबायचे. बायका पाट्या वाहायच्या. एक म्हातारे गृहस्थ होते, हरिभाऊ म्हणायचे त्यांना. पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते, पैठण गाडीवर. खणणं त्यांना होत नव्हतं, ते काठावर छत्री धरून बसायचे आणि मला प्रश्न विचारायचे.

"ह्या काचंला कळतं म्हणता जहर?"

"हो."

"आन् आपल्याला कामून कळत नाय?"

"आपल्यालाही कळलं की हरिभाऊ. वास आला."

"कळलं, पर प्यायलोच ना." ते हसले. दात एकदोनच राहिले होते.

रज्जाकभाईंनी धागा अंथरला. रीळ पोटाशी धरून ते नाल्यातून उलटे चालत गेले, पाऊल पाऊल, आणि मागोमाग बायका ओंजळीनं माती लोटत आल्या. एवढ्या अलगद मी कुणाला माती लोटताना पाहिलं नाही. मथुराबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, काच हाय, दुखवू नका.

उजेडाचे ठोके सोडून मोजायचं यंत्र आम्ही अंगणवाडीच्या पडवीत ठेवलं. गावात वीज दुपारी जायची, म्हणून सकाळच्या दोन तासांत मोजायचं. पडद्यावर एक रेघ उमटते, डावीकडून उजवीकडं हळूहळू उतरत जाणारी, घाटातल्या रस्त्यासारखी. जिथं उजेड गळतो तिथं ती एकदम पायरी उतरते. पहिले चारपाच दिवस रेघ सरळ. पोरं माझ्याभोवती गोळा होऊन ती पाहायची आणि कंटाळून निघून जायची. मी मनातल्या मनात घाबरले होते. तीन वर्षांचं काम, गावाचे श्रम, आणि काहीच दिसलं नाही तर?

सहाव्या दिवशी हापशाजवळच्या तुकड्यात एक बारीक पायरी दिसली. आठव्या दिवशी नाल्याच्या वरच्या अंगाला, पार टोकाशी, एक मोठी. त्या दोहोंच्या मध्येही रेघ जागोजाग दबलेली. वरून खाली वाट आखून दिल्यासारखी. मी ओरडलेच, "सर, आलं!" सर धावत आले. आम्ही दोघं त्या पडद्याकडं पाहून हसत होतो. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात मागं भांड्याचा आवाज झाला म्हणून मी वळले. मथुराबाई पातेलं घेऊन उभ्या होत्या, पोरांची खिचडी चुलीवर चढवायला निघालेल्या. त्यांनी आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "गेलं का मॅडम? चांगलं झालं का पाणी?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. सरांनी काहीतरी सांगितलं. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या चेहऱ्यावरचं हसू मला पुसता येईना. ते कुठं ठेवावं तेच कळेना. पुढं माझ्या प्रबंधात ती आकृती छापली गेली. तिच्याखाली दोन ओळींचं वर्णन आहे. त्यात पातेलं नाही.

नाल्याच्या वरच्या टोकाला एक खदान होती. शहरातली घरं ज्या काळ्या दगडांवर उभी आहेत, त्यातले काही तिथलेच असतील. दगड संपला तेव्हा ती तशीच सोडून दिली, आणि मग कुणी कुणी येऊन ती भरली. आम्ही गेलो तेव्हा वर सपाट मुरूम होता, कडेला रुईची झुडपं. रज्जाकभाईंनी टाचेनं माती उकरली. वीतभर खाली काळी, चिकट, गाळासारखी माती निघाली आणि तो वास भपकन वर आला. कुणी टाकलं, कधी टाकलं, कुणालाच ठाऊक नाही. गावातले म्हणत, गाड्या यायच्या, ताडपत्री लावलेल्या. कुठल्या, ते कुणी पाहिलं नव्हतं. जमीन कुणाची, हेही धड ठरेना. तीन हातांतून विकली गेली होती, आणि शेवटच्या मालकानं चुन्याच्या रेघा मारायला सुरुवात केली होती.

आम्ही अहवाल लिहिला. नकाशा जोडला, पायऱ्यांच्या जागा लाल शाईनं दाखवल्या. ज्या कचेरीत तो द्यायचा तिथं सर आणि मी दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी साहेब भेटले. साहेब भला माणूस होता. त्यानं अहवाल पानन् पान वाचला, एक-दोन प्रश्नही नेमके विचारले. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"सर, तुमचं काम पक्कं आहे, मला पटतं. आता हे माझ्या टेबलावर आलं, म्हणजे मला हापसा बंद करावा लागेल."

"आणि खदान?" मी विचारलं.

"हापसा माझ्या अखत्यारीत येतो ताई. खदान येत नाही. मी पाणी बंद करू शकतो. जमीन उपसू शकत नाही."

"मग लोकांनी पाणी कुठून आणायचं?"

"टँकर वाढवून मागतो. मागणारे पुष्कळ आहेत. बघू."

जिना उतरताना सर कठड्याला धरून उतरले. तोवर मी त्यांना कठड्याला हात लावताना पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी माणसं आली, त्यांनी हापशाचा दांडा काढून नेला, तोंडाला पत्रा ठोकून तारेचं सील घातलं आणि लाल अक्षरांत पाटी लावली. मी तिथं होते. गाव भोवती उभं होतं. कुणी आरडाओरडा केला नाही, भांडण केलं नाही. एक बाई नुसतं म्हणाली, "आमी चर खणला, ते ह्याच्यासाठीच का?" तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही, रिकाम्या हंड्याकडं बघून म्हणाली. मी तिला समजावू लागले, ताई, ते पाणी पिण्याजोगं नाही. ती म्हणाली, "ते म्हाईत हाय. पीत होतो ना तरी. आता काय प्यावं, ते सांगा."



टँकर वाढला नाही. वाढला असेल कागदावर. अंगणवाडीत स्वयंपाकाला पाणी नाही म्हणून खिचडी बंद झाली. खिचडी नाही म्हणून पोरं येईनात. ज्यांचे आईबाप वीटभट्टीवर जात ते पोरांना सोबत नेऊ लागले. मथुराबाई रोज खोली उघडून बसायच्या, हजेरीचं रजिस्टर समोर घेऊन. मी एकदा गेले तेव्हा त्या एकट्याच होत्या, चिंध्यांच्या बाहुलीला नवे डोळे शिवत होत्या. मी बसले. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमची चूक नाय. इचारलं मीच होतं ना." एवढं बोलून त्यांनी दोरा दातानं तोडला.

त्याच दिवसांत एका रविवारी सरांनी मला आणि रज्जाकभाईंना पैठणला नेलं. निमित्त होतं, तुलनेसाठी धरणाचं स्वच्छ पाणी आणायचं. धरणात पाणी कुठं होतं? काठापासून किती तरी चालत गेलो, भेगांवरून, शिंपल्यांवरून. पाण्याखाली गेलेलं एक जुनं गाव उघडं पडलं होतं: घरांचे जोते, एक दगडी उंबरठा, उखळ. कुणी एक कुटुंब शहरातून खास बघायला आलं होतं. आजोबा नातीला बोटानं दाखवत होते, इथं आमचा ओटा, इथं गोठा. सर त्यांच्याकडं पाहत म्हणाले, "बघ वृंदा, आपल्याला पाणी देण्यासाठी यांनी गाव दिलं. आणि पाणीही गेलं." मग गुडघे धरून उंबरठ्यावर बसले. आम्ही बाटली भरली नाही. जे डबकं उरलं होतं त्यात म्हशी बसल्या होत्या.

जूनमध्ये रमजान लागला. पावसाचा पत्ता नव्हता. यंत्र परत आणायचं होतं आणि धाग्याची शेवटची मोजणी घ्यायची होती, म्हणून मी आणि रज्जाकभाई गावात गेलो. त्यांचा रोजा होता. ओठ पांढरे पडलेले, पण टोक जोडताना बोट हललं नाही. मी म्हणाले, रज्जाकभाई, सावलीत बसा जरा, माझ्यानं होईल. ते हसले. "हमारा तो शाम कू छूटता मॅडम," म्हणाले, आणि गावाकडं मान वळवून, "इनका कब छूटेगा?"

अंगणवाडीतून पोरांचा आवाज येत होता. मी आधी आनंदानं पुढं झाले. पडवीत पंगत बसली होती, ताटल्यांतून वाफ येत होती. मग मी हापशाकडं पाहिलं. पत्रा उचकटलेला होता. सील तुटून खाली पडलेलं. दांड्याच्या जागी कुणीतरी लोखंडी पाइप बसवला होता.

मथुराबाई दारात आल्या. माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं.

"मीच तोडलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका."

"मथुराबाई, तुम्हाला ठाऊक आहे त्यात काय आहे."

"हाय ठाऊक. दोनदा उकळते. वास जातो थोडा." त्यांनी पंगतीकडं पाहिलं. "मॅडम, त्या पोरांमधी तीन अशी हायेत, दिवसाचं जे खातात ते हितंच. वीटभट्टीवर नेलं तर तिथं डबक्यातलं पितेत. एक तर हगवणीनं जायची वेळ आली होती. तुमचं जहर हळू मारतं, म्हणले होते ना सर? मग हळूचं बरं."

सरांनी खरंच तसं म्हटलं होतं. गाव घाबरून जाऊ नये म्हणून, पहिल्या बैठकीत. हे लगेच होत नाही, वर्षानुवर्षं प्यायल्यावर होतं. त्या वाक्याचा असा उपयोग होईल हे आम्हा दोघांच्या कधी मनात आलं नसेल.

मी त्यांना अडवलं नाही. कशानं अडवणार? माझ्या पिशवीत एक पाण्याची बाटली होती, घरून आणलेली, अर्धी प्यायलेली. बावीस पोरांपुढं ती काढायचीही लाज वाटली. रज्जाकभाई दूर नाल्याच्या काठावर पाठ करून उभे होते. मथुराबाईंनी आत जाऊन चहा टाकला. कपबशी माझ्यापुढं ठेवली. त्या चहात आलं घातलं होतं, भरपूर. तरी मागून तो वास होताच. पोरं मला बघत होती. मी चहा प्याले. पूर्ण प्याले. मला वाटलं होतं, त्यानं काहीतरी फिटेल. काही फिटलं नाही. मथुराबाईंनी रिकामी कपबशी उचलली आणि पदरानं सांडलेला थेंब पुसला, बस.

सील तोडल्याचं मी कुणाला कळवलं नाही. नियमानं कळवायला हवं होतं. शेवटच्या मोजणीत पायऱ्या आणखी खोल गेल्या होत्या.

पुढं पाऊस आला, उशिरा का होईना आला. विहिरींना पाणी चढलं, हापशाचा वास फिका झाला. फिका झाला म्हणजे गेला असं नाही, हे सांगायला मी एकदा गेले, तर लोक पेरणीत होते. चर वळणरस्त्याच्या पुढच्या कामात उखडला गेला, धागा तुटला. त्या पोरांचं पुढं काय झालं, कुणाला काय दुखणं निघालं, निघालं तर त्याचं कारण ते पाणी होतं की दुसरं काही, हे मोजायला कुणी आलं नाही. मलाही त्या कामासाठी अनुदान मिळालं नाही. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. रज्जाकभाई निवृत्त झाले, मुलाकडं गेले. सर वारले. मथुराबाईंची बदली दुसऱ्या गावी झाली असं ऐकलं. मी जायचं जायचं म्हणत राहिले. आता ते गाव शोधून सापडत नाही. शहर त्याच्या अंगावरून पुढं गेलं आहे. पेट्रोल पंप, शाळा, मंगल कार्यालय, आणि नाल्यावर स्लॅब टाकून दुकानं.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका तरुण सहकारी बाईंनी नवं घर घेतलं. रो-हाऊस. वास्तुशांतीला सगळ्या स्टाफला बोलावलं. त्यांनी पाठवलेल्या नकाशावर बोट ठेवत मी रिक्षावाल्याला वळणं सांगत गेले, आणि शेवटच्या वळणाला माझ्या लक्षात आलं की ही वाट माझ्या पायाखालची आहे. रुईची झुडपं नव्हती. पेव्हर ब्लॉक होते, फाटकाशी बोगनवेल, पांढऱ्या घरांची रांग. पण चढ तोच होता. खदान होती तिथंच ते घर उभं होतं.

आत गर्दी, उदबत्त्यांचा धूर, पुरीचा वास. त्या बाई हसतमुख, नव्या पैठणीत घामाघूम झालेल्या. त्यांच्या सासूबाईंनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. "घ्या ना, आमच्या सोसायटीच्या बोअरचं आहे. भर उन्हाळ्यात आटत नाही बघा." माझ्यापुढं एवढी माणसं आनंदात होती. मी पेला हातात धरून उभी राहिले, मग एका कुंडीशेजारी ठेवून दिला. त्या दिवशी मी बोलले नाही. मंगल कार्यात असं बोलतात का, असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी स्टाफरूममध्ये त्या एकट्या होत्या तेव्हा मी सगळं सांगितलं. खदान, नाला, रेघेतल्या पायऱ्या, हापसा. त्यांनी शांतपणे ऐकलं. हातातला डबा तसाच उघडा राहिला. मी म्हणाले, पाणी तपासून घ्या, बोअरचं तूर्त पिऊ नका, मी मदत करते.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आम्ही फिल्टर बसवलाय. पाण्याला काही वास येत नाही. मुलगी शाळेत रुळलीय." मग डब्याचं झाकण लावत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सोसायटीत अजून निम्मी घरं विकायची आहेत. एवढं करा, हे कुणाला सांगू नका."

मी हो म्हणाले. आणि कुणाला सांगितलंही नाही. आता लिहिते आहे, तर गावाचं नाव घालायला माझा हात धजत नाही.